चौथं नाव

मीरा रोड
११ ऑगस्ट २०२४

कार्ल,

आधी ‘प्रिय’ लिहिलं, मग खोडलं. ज्यानं ड्रम्स सोडले आणि त्यांच्याबरोबर तीन वर्षं आपला नंबरही ब्लॉक करून ठेवलाय त्याला प्रिय म्हणावं की नाही, हे शाळेत पत्रलेखनात शिकवलं नव्हतं.

ॲलिस आंटी आपल्या पोरासाठी बाटली मसाल्याचं पार्सल करतेय. तुमच्या पाली गावातलं कोणीतरी बहारीनला परत चाललंय, त्याच्या हाती तुला पाठवायला. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायला मी मदत केली आणि हळूच हे पत्र आत सरकवलं. मसाल्याचा वास लागेल, शिंका येतील. वाचून फेकलंस तरी चालेल, पण वाच.

बातमी अशी की आपला बँड, ‘खाजण’, पुन्हा जमलाय. बेसवर अभिनव आहेच. ड्रम्सवर शिवा म्हणून भाईंदरचा एकजण आहे. हात चांगला आहे, पण तुझ्यासारखी घाई करत नाही, त्यामुळे मला करमत नाही. गातोय रुबेन. तुझा धाकटा भाऊ आता असा काही घोगरा आवाज काढतो की पालीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जातात.

अल्बम कव्हर गाण्यांचा करतोय. ज्या सात परदेशी गाण्यांवर आपण हात बसवला, कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये जी वाजवून शिव्या खाल्ल्या, तीच सात. पंधरा वर्षांत स्वतःचं धड एक गाणं पूर्ण झालं नाही, तेव्हा निदान ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं तरी नीट वाजवावं म्हटलं. रेकॉर्डिंग तुमच्या घरामागच्या जाळ्याच्या खोलीत. स्टुडिओवाले भिंतींना कसले कसले फोम लावतात, पण गॅब्रियल अंकलच्या जुन्या जाळ्यांचे ढीग असल्यावर आवाज अजिबात घुमत नाही. टाळी वाजवली तर ती हातातच राहते. आंटीनं खोली उघडून दिली, पण स्वतः आत आली नाही.

आठवं गाणं रुबेननं सुचवलं. म्हणाला, “सात लोकांची गाऊन झाली, आता एक घरचा पन घेऊ.” अंकलच्या होडीवरचं, जाळं ओढतानाचं गाणं. तुला आठवत असेलच. सुकाणूवरचा तांडेल एकेक नाव पुकारतो, ज्याचं नाव तो ‘हाय’ म्हणतो, की सगळ्यांनी मिळून एक ओढ घ्यायची. मग पुढचं नाव. त्या ओढीवर मी गिटार बसवून बघितली आणि अंगावर काटा आला. गिटारचा इतका जड रिफ आपल्या बापजन्मात कोणी लिहिला नसता.

बापाचा विषय काढायचा नव्हता. लिहिलं गेलं, राहू दे.

यतीन


मीरा रोड
१ सप्टेंबर २०२४

कार्ल,

तू आंटीला फोनवर म्हणालास म्हणे, मसाला मिळाला, पत्र पण मिळालं, वाचलं नाही. न वाचता पत्र माझं आहे हे कसं कळलं तुला? आता सुक्या बोंबलांच्या पुडीत हे दुसरं.

गाणं रेकॉर्ड झालं. नावं पुकारायला पेद्रू काकाला बसवलं. अंकलनंतर होडी तोच बघतो, त्यामुळे पुकारायचा मान त्याचा. मासळीच्या क्रेटवर बसला, माइकला हात लावून बघितला आणि म्हणाला, “यो चावनार न्हाय ना?” त्यानंतर मात्र एका टेकमध्ये गायला. आम्हाला सातही गाण्यांना मिळून साठ टेक लागले होते.

त्यानं त्या होडीवर ओढलेल्या माणसांची नावं घेतली. रुबेन. कार्ल. यतीन. हो, माझंही. कॉलेजात असताना एकदाच आलो होतो तुमच्या होडीवर, जाळं कमी ओढलं आणि ओकलो जास्त, तरी अंकलनं त्याच दिवशी माझं नाव गाण्यात घातलं होतं. पेद्रू काकाच्या लक्षात होतं. मला खूप बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आणि चौथं, शेवटचं नाव, गॅब्रियल.

काकानं आधीच बजावलं होतं. “लांब गेलेल्याच्या नावाला कोनी बी हाय म्हनला तरी चालते. तो जिता हाय. पन ज्याला दर्यानं नेला नि जो गावला न्हाय, त्याच्या नावाला गप ऱ्हायचा. एका ओढीची जागा मोकळी सोडायची.”

मी विचारलं, कधीपर्यंत?

“त्याचा मोठा पोर धक्क्यावर येऊन, दर्याकडं तोंड करून तीनदा न्हाय म्हनंल तवापर्यंत. मंग नाव गान्यातून जाते. मानूस पन जाते, जिकडं जायाचा तिकडं.”

हे तुला ठाऊक आहे. चर्चमध्ये अंकलच्या वर्षदिनाच्या मिस्साला तू आला नाहीस तेव्हाच ते राहिलं. पालीत कोणी तुला नावं ठेवत नाही, फक्त तीन वर्षं पेद्रू काकाच्या होडीवर चौथ्या नावानंतर सगळे हात थांबवून उभे राहतात.

तुझ्या नावाला ‘हाय’ मी म्हटलं. चालतं म्हणाला काका. एवढंच सांगायचं होतं खरं तर.

बाकी मी घरी बसून ट्रॅक साफ करतोय. तुला माझा धंदा माहीत आहे, मालिकांचं डबिंग जोडायचं. तिथे दोन सेकंद शांतता राहिली की प्रोड्यूसर ओरडतो. तर थोडी साफसफाई केली, विशेष काही नाही. गाणं आता सलग वाटतं.

यतीन


मीरा रोड
२२ सप्टेंबर २०२४

कार्ल,

हे पत्र कुरिअरनं पाठवतोय. पार्सलची वाट बघण्याइतका वेळ नाही.

रुबेनला काहीतरी होतंय. आंटीनं तुला सांगितलं नसणार. ती म्हणते, लांब असलेल्या पोराला काळजी लावू नये.

सुरुवात जेवणापासून झाली. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी मी तुमच्याकडेच होतो. रुबेन ताट घेऊन अंकलच्या जागेवर बसला, खिडकीपाशी, डाव्या हाताला. आंटी म्हणाली, “तिथं कशाला?” तर म्हणाला, “मंग कुठं बसू?” आणि मासळीचं डोकं उचलून ताटात घेतलं. रुबेननं जन्मात मासळीचं डोकं खाल्लेलं नाही, तुला माहीत आहे. नीट चोखून काटे ओळीनं ताटाच्या कडेला लावले. अंकल लावायचे तसे.

मग संध्याकाळच्या प्रार्थनेत. आंटी घरातल्या मेलेल्यांची नावं घेते ना, तिनं ‘गॅब्रियल’ म्हटलं आणि रुबेन गुडघ्यावर बसल्याबसल्या ‘हाय’ म्हणाला. साधं, हळू. कोणी दारात हाक मारली तर आपण म्हणू तसं. आंटीच्या हातातली माळ तिथेच थांबली. रुबेनला विचारलं तर म्हणतो, मी कुठं काय बोललो?

त्याच्या तळहातांना दोराचे वळ आहेत. तो होडीवर जात नाही, अंधेरीला कॉल सेंटरमध्ये जातो. आता तिथेही जात नाही. भरती दुपारची असली की धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो. पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत होता, गेल्या शुक्रवारी कमरेपर्यंत. मी आणि अभिनवनं ओढून आणला. केवढा जड लागला! एरवी पंचावन्न किलोचा प्राणी आहे.

आता ऐक. मागच्या पत्रात ‘साफसफाई’ म्हणालो ती कसली होती ते सांगतो.

चौथ्या नावानंतरची मोकळी जागा मी भरली. ऐकताना ती मला सहन होत नव्हती. तिन्ही नावांना उत्तर येतं, गिटार येते, आणि चौथ्याला नुसती चार ठोक्यांची पोकळी. हेडफोन लावून ऐकलं की त्या जागेत कोणी श्वास धरून बसलंय असं वाटायचं. मला वाटलं, तुझ्या नावाला मी उत्तर दिलं ते चाललं, मग इथे कोणी दिलं तर काय बिघडतं? रुबेनचा ‘हाय’ उचलला, किंचित खाली ओढला आणि तिथे चिकटवला. दहा सेकंदांचं काम. त्याच रात्री फाइल सगळ्यांना पाठवली, आणि रुबेन म्हणाला, मस्त वाटतंय रे, पप्पा असल्यासारखं.

पेद्रू काकाला ऐकवलं तेव्हा त्यानं हेडफोन काढून क्रेटवर ठेवला. “तू रुबेनला त्याच्या जागी उभा केला,” एवढंच म्हणाला.

मी तो तुकडा काढून टाकलाय, कार्ल. त्याच दिवशी. कॉम्प्युटरवर रेघ सपाट दिसते. पण लावलं की ऐकू येतो. अभिनवलाही येतो, शिवालाही. आणि आता तो रुबेनच्या आवाजातला नाही.

मला भीती वाटतेय. तू ये. तुझा ‘न्हाय’ दुसरा कोणी म्हणू शकत नाही, रुबेनही नाही, मोठा तू आहेस. तुझ्या जुन्या टेपांमध्ये शोधलं, एका रिहर्सलला तू ‘न्हाय रे’ म्हटलेलं सापडलंसुद्धा. कापून ठेवलं होतं. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि पुसून टाकलं. इतकी अक्कल आली म्हणायची.

यतीन


पाली
१८ ऑक्टोबर २०२४

कार्ल,

आज तीन वर्षं झाली. तारीख तुला मी सांगायला नको.

तू आंटीला जे म्हणालास ते तिनं मला रडत रडत सांगितलं. पत्रं वाचलीस तर. “ज्या बापानं शेवटच्या दिवशी मला हाकसुद्धा मारली न्हाय, त्याच्या नावाला मी कशाला जबाब देऊ.” विमानतळावरही तू हेच म्हणाला होतास, माझ्यासमोर. आदल्या रात्री तुमचं ड्रम्सवरून भांडण झालं, ‘ते डबडं बडवायचं सोड आणि होडीवर ये’ असं अंकल म्हणाले, तू दार आपटून माझ्याकडे मीरा रोडला झोपायला आलास. आणि सकाळी, तुझ्या लेखी, ते तुला न बोलावता एकटेच गेले. दोघांचं काम एकट्यानं करायला. होडी सापडली तेव्हा इंजिन चालू होतं.

मी तुमच्या आतल्या खोलीतल्या टेबलाशी बसून लिहितोय. समोर रुबेन बसलाय. त्याला दोन दिवस आम्ही खोलीत बंद ठेवलाय, दाराशी आळीपाळीनं बसतो. तो दंगा करत नाही. भरतीची वेळ झाली की त्याला न सांगता कळतं, उठून उभा राहतो, हात पुढे करतो आणि रिकाम्या हवेत काहीतरी ओढत राहतो. आज सकाळी त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “पाठवतो म्हनला होतास.”

हे रुबेनला माहीत असायचं कारण नाही. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं आणि त्यातला एक मी आहे.

त्यांनी तुला हाक मारली होती, कार्ल.

त्या दिवशी आपण स्टुडिओत डेमो रेकॉर्ड करत होतो. माझा नियम होता, टेक चालू असताना सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात आणि डबा माझ्याकडे, काचेच्या बाहेर. दहाला दहा कमी असताना तुझा फोन थरथरायला लागला. डबाच वाजायला लागला म्हणून मी उचलला. ‘पप्पा’ लिहिलेलं होतं. अंकल म्हणाले, “कोन, यतीन? कार्लला पाठव रे. एक मानूस कमी हाय. अकराची भरती हाय, त्याच्यासाठी थांबतो.” आणि मग, “त्याला सांग, मी रागावलेला न्हाय.”

मी म्हटलं, पाठवतो अंकल.

तू काचेच्या आत वाजवत होतास. चौथा टेक होता, आणि असं तू कधीच वाजवलं नव्हतंस. मी म्हटलं, हा टेक होऊ दे. तो झाला, तर मला वाटलं अजून एक घेऊ, हात गरम आहे. मग अकरा वाजून गेले. मग आता सांगून काय उपयोग असं वाटलं. मी कॉलच्या यादीतून तो कॉल पुसला. रिकामी जागा सलग करायचा माझा धंदा तेव्हापासूनचा आहे.

ते तुझ्यासाठी थांबले असणार. किती वेळ, ते मला माहीत नाही. तीन वर्षं मी रोज तेवढाच हिशेब करतोय.

तू मला काय म्हणशील ते माझं स्वतःला म्हणून झालंय, तरी तू म्हण. हवं तर माझं तोंडही बघू नकोस. फक्त येऊन रुबेनला सोडव. त्यांनी हाक मारली होती. तुझ्यापर्यंत मी पोचू दिली नाही. राग माझ्यावर काढ, त्यांना जाऊ दे.

यतीन


मीरा रोड
२४ नोव्हेंबर २०२४

कार्ल,

तू आलास.

मी मागच्या आठवड्यात, १६ तारखेच्या शनिवारी, धक्क्यावर होतो, तू बघितलं नसशील. वाळत घातलेल्या बोंबलांच्या बांबूंमागे उभा होतो. आंटीनं बोलावलं होतं, पण तुझ्या समोर यायचा धीर झाला नाही. तू विमानतळावरून थेट तिथे आलेला, बॅग पाठीवर, दाढी वाढलेली. चालताना तू अंकलसारखा दिसतोस.

साडेबाराची भरती. रुबेन छातीपर्यंत पाण्यात गेला होता, तुम्ही त्याला आता अडवत नव्हता. पेद्रू काकानं चौथं नाव पुकारलं आणि तू ‘न्हाय’ म्हणालास. पाण्यातून रुबेन ‘हाय’ म्हणाला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्या वेळी तू पाठीवरची बॅग उतरवून खाली ठेवलीस. मला वाटलं, झालं, आता हा बोलत नाही. मग तू आधी “आलो असतो पप्पा” म्हणालास, आणि मग ‘न्हाय’.

रुबेननं उत्तर दिलं नाही. तो तिथेच थंडीनं कुडकुडायला लागला आणि ‘मम्मी’ म्हणून रडला. मीही रडलो, बांबू धरून. आंटीच्या रडण्यात माझं कोणाला ऐकू आलं नसेल.

रुबेन बरा आहे. भात मागून खातो, मासळीचं डोकं बाजूला काढतो. तळहाताचे वळ फिके झालेत. अल्बम आम्ही काढतोय. आठव्या गाण्यात पेद्रू काकानं पुन्हा नावं पुकारली, आता तीनच. रुबेन, कार्ल, यतीन. शेवटचं नाव आता माझं आहे.

एक विचारायचं आहे, म्हणून हे पत्र. नाहीतर तुला त्रास दिला नसता.

त्या शनिवारी सगळे घरी वळल्यावर मी भाईंदरकडे जाणाऱ्या डोंगरीच्या रस्त्याला लागलो. रिक्षा मिळेना म्हणून चालत होतो. वळणावर, जिथून समुद्र शेवटचा दिसतो, तिथे मागून हाक आली. “यतीन.” गाण्यातल्या चालीत, शेवटचं अक्षर लांबवून. मला वाटलं तू आहेस. पाय तिथेच थांबले. तीन वर्षांनी तू माझं नाव घेतलंस, तेही त्या गाण्यात घेतात तसं, म्हणजे मला परत होडीवर घेतलंस असं वाटलं. मी वळून बघितलंही नाही, इतका आनंद झाला. मोठ्यानं ‘हाय’ म्हणालो.

मागे वळलो तर रस्त्यावर कोणी नव्हतं. तुला लाज वाटली असेल, गल्लीत शिरला असशील, असं म्हणून मी निघालो.

काल रुबेन म्हणाला, तू तिसऱ्या ‘न्हाय’नंतर कोणाशी अक्षर बोलला नाहीस. कपडे बदललेस, आंटीच्या पाया पडलास आणि एकच्या आधी रिक्षात बसून गेलास. मी वळणावर होतो तेव्हा पावणेदोन वाजले होते. पेद्रू काका चर्चमध्ये होता.

रुबेन त्या दिवशी शुद्धीत कुठे होता, त्याची वेळ चुकली असेल. माझ्या बोटांना डिझेलचा वास येतोय, तो बहुतेक रिक्षाचा. आणि दुपारी मला खिडकीशी उभं राहावंसं वाटतं, पण माझी खिडकी पश्चिमेला, समुद्राच्याच दिशेला आहे, त्यात विशेष काही नाही.

तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही. मनात शिव्या घालत का होईना, नाव तूच घेतलं होतंस, एवढंच कळव. एका ओळीचं पत्र टाक, नाहीतर आंटीला फोनवर सांग. पत्र मिळताच कळव. ३ डिसेंबरच्या मंगळवारी भरती पुन्हा दुपारची आहे, आणि मी उत्तर देऊन बसलोय.

यतीन